‘ध’चा ‘मा’ करणारी मेमरी

सुटे भाग मागवून घरीच जोडलेला गेमिंग कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू होतो, तेव्हाचा आनंद काही औरच. मग तुम्ही बायॉसमध्ये जाता, रॅमच्या खोक्यावर छापलेला ६००० हा वेग मिळावा म्हणून ‘एक्स्पो’ नावाचं सेटिंग चालू करता, विंडोज नीट सुरू होतं आणि काम फत्ते झालं असं वाटतं. दोन दिवसांनी चाळीसेक मिनिटं खेळल्यावर गेम आपोआप बंद पडतो. तिसऱ्या दिवशी निळा स्क्रीन. त्यानंतर आठवडाभर काहीच नाही. तुम्ही ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलता, गेम पुन्हा डाउनलोड करता, आणि पुन्हा तेच.

अशा वेळी पहिला संशय रॅमवर घ्या. आणि एक लक्षात ठेवा: गेम बंद पडणं हे या दुखण्याचं सगळ्यात सौम्य लक्षण आहे.

खोक्यावरचा आकडा कुणाचा?

डीडीआर५ रॅमवरचा ६००० म्हणजे सेकंदाला ६००० दशलक्ष देवाणघेवाणी. घड्याळ प्रत्यक्षात ३००० मेगाहर्ट्झचं असतं, पण प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती जाते. ‘सीएल३०’ म्हणजे मागणी केल्यापासून माहिती यायला लागेपर्यंत ३० ठोके, म्हणजे १० नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ३ मीटर जातो.

हा वेग रॅमच्या कंपनीने तपासलेला असतो, पण तुमच्या प्रोसेसरवर आणि तुमच्या मदरबोर्डवर नव्हे. डीडीआर५ चा प्रमाणित व्होल्टेज १.१, ६००० च्या किटला बहुतेकदा १.३५ च्या आसपास लागतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेला कंपनीने अधिकृतपणे दिलेला वेग दोन स्टिक असतील तर ५२००, आणि चार स्टिक लावल्या तर फक्त ३६००! इंटेलचं ‘एक्सएमपी’ काय किंवा एएमडीचं ‘एक्स्पो’ काय, एका क्लिकमध्ये चालू होतं खरं, पण ते ओव्हरक्लॉकिंगच आहे. एएमडीच्या वॉरंटीच्या अटीही त्याला ओव्हरक्लॉकिंगच मानतात.

आत काय बिघडतं?

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार. भार असला तर १, नसला तर ०. ३२ जीबी रॅममध्ये असे सुमारे साडेसत्तावीस हजार कोटी कपॅसिटर असतात आणि ते सगळे गळके असतात. म्हणून डीडीआर५ मध्ये दर ३२ मिलिसेकंदांत प्रत्येक बिट वाचून पुन्हा भरावा लागतो. रॅम तापली की गळती वाढते.

शाळेतलं श्रुतलेखन आठवा. बाई सावकाश सांगत असल्या की सगळं बरोबर लिहून व्हायचं. त्यांनी वेग वाढवला की वाक्यं तीच राहायची, पण कुठे काना सुटायचा, कुठे वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ व्हायची. रॅमचंही तसंच. वेग वाढला की प्रत्येक बिट ओळखायला मिळणारा वेळ कमी होतो. अब्जावधी बिट बरोबर वाचले जातात आणि मध्येच एखादा चुकतो.

तो चुकलेला बिट नेमका कुठे होता, यावर पुढचं सगळं ठरतं. गेममधल्या गवताच्या पात्याचा रंग त्यात असेल तर तुम्हाला कळणारही नाही. प्रोग्रॅमच्या सूचनेत असेल तर गेम बंद पडेल. आणि त्या क्षणी तुम्ही भारतातून आणलेल्या हार्ड डिस्कवरून आजी-आजोबांचे फोटो कॉपी करत असाल, तर एखादा फोटो बिघडून साठवला जाईल, कसलीही सूचना न देता.

राघोबादादांच्या हुकुमात ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं आणि १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ही आख्यायिका आपल्याला ठाऊक आहे. अक्षर एकच बदललं, पण वाचणाऱ्याला चूक दिसली नाही, कारण बदललेला शब्दही अर्थपूर्ण होता. कॉम्प्युटरमधल्या ‘ध’चा ‘मा’चं गाजलेलं उदाहरण बेल्जियमचं. २००३ च्या निवडणुकीत स्खारबेक इथे एका उमेदवाराला ४०९६ मतं जादा पडली. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात, अगदी एक बिट उलटल्यावर पडावा तेवढाच फरक. तिथे ओव्हरक्लॉकिंगचा संबंध नव्हता; आपोआप उलटलेला बिट हेच कारण धरलं गेलं. चूक सापडली ती आकडा अशक्य इतका मोठा होता म्हणून. तुमच्या फोटोंची मतमोजणी कुणी करत नाही.

‘डीडीआर५ मध्ये चुका दुरुस्त करणारी ईसीसी असतेच ना?’ असं तुम्ही म्हणाल. असते, पण ती चिपच्या आत. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही, आणि वेग वाढवल्यावर ताण पडतो तो याच वाटेवर.

शोध घ्यायचा कसा?

सगळ्यात आधी महत्त्वाच्या फाइल असलेली डिस्क काढून बाजूला ठेवा आणि क्लाउडचं सिंक थांबवा. नाहीतर बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीच्या जागी जाऊन बसेल. मग एक वही घ्या. नियम एकच: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल लिहून ठेवायचा.

१. मदरबोर्डचं बायॉस अद्ययावत करा. २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने ‘एसओसी’ व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. जुन्या बायॉसवर हे कुंपण नसेल. बायॉस बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळा राहू शकतो. कॉम्प्युटर रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका.

२. एक्स्पो बंद करा आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. साध्या वेगालाही चूक आली, तर दोष ओव्हरक्लॉकिंगचा नाही. मग एकच स्टिक एकाच खाचेत लावून तपासा, नंतर त्याच खाचेत दुसरी. चूक एकाच स्टिकबरोबर फिरत असेल तर ती स्टिक बदलून घ्यायची. किट दुसऱ्या देशातून आणलं असेल तर वॉरंटी कुठे चालते ते आधी पाहा.

३. स्टिक कुठल्या खाचांमध्ये आहेत ते बघा. चार खाचांच्या बहुतेक मदरबोर्डवर दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लागतात. चार स्टिक लावल्या असतील तर दोन काढून पाहा. तेच किट दुसऱ्यांदा विकत घेतलं म्हणून चारही स्टिक ६००० वर चालतील, असं मुळीच नाही.

४. साध्या वेगाला सगळं स्वच्छ निघालं की एक्स्पो चालू करून पुन्हा तपासा. मेमटेस्टनंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५ आणि वाय-क्रंचर चालवा, कारण प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर ते जास्त ताण देतात. उत्तीर्ण व्हायला चुका शून्यच हव्यात. आठ तासांत एक चूक म्हणजे नापास.

५. चुका कशा येतात ते पाहा. पुन्हापुन्हा त्याच पत्त्यावर येत असतील तर स्टिक खराब असण्याची शक्यता जास्त. दरवेळी पत्ता वेगळा असेल तर वेग, व्होल्टेज किंवा उष्णता. अर्ध्या तासानंतरच चुका सुरू होत असतील तर उष्णताच बहुधा. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट रॅमवर जाते, म्हणून नुसत्या चाचणीत टिकलेली रॅम गेममध्ये कोसळते. रॅमवर एक छोटा पंखा रोखून पुन्हा चाचणी घ्या.

६. तरीही चुका आल्या तर व्होल्टेज वाढवण्याआधी वेग उतरवा: ६००० वरून ५६००. नव्या सेटिंगने कॉम्प्युटर सुरूच झाला नाही तर मदरबोर्डवरचा ‘क्लिअर सीमॉस’ जंपर जोडा. सगळं मूळपदावर येतं.

आणि एक्स्पो बंद असताना मेमटेस्ट स्वच्छ, तरीही गेम कोसळतोच? मग रॅमला सोडा. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये असाच अस्थिरपणा होता. कारण निघालं प्रोसेसरला मिळणारा जादा व्होल्टेज, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने त्यासाठी नवा मायक्रोकोड दिला. पॉवर सप्लाय आणि ग्राफिक्स कार्डही तपासा.

किती वेग पुरे?

दोन चॅनेलवर ६००० चा वेग म्हणजे सेकंदाला ९६ जीबी. ५६०० चा ८९.६ जीबी. फरक साधारण ७ टक्क्यांचा, तोही फक्त कागदावर. मोठ्या रिझोल्यूशनवर गेमचा वेग बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्ड ठरवतं, त्यामुळे खेळताना हा फरक बहुधा जाणवणारही नाही. गेम कोसळला तर पुन्हा सुरू करता येतो. बिघडलेला फोटो मात्र दुसरी प्रत नसेल तर गेलाच.

म्हणून जिथे रात्रभर शून्य चुका येतात, तो तुमच्या कॉम्प्युटरचा खरा वेग. तो वहीत लिहा आणि बायॉसमध्ये प्रोफाइल म्हणून साठवा. मग विंडोजच्या फाइल ‘एसएफसी’ने तपासून घ्या, आणि रॅम अस्थिर असताना कॉपी केलेल्या फाइल मूळ प्रतीशी ताडून पाहा. जानेवारीत चाचणी घेतली असेल तर जुलैत पुन्हा एकदा घ्या, विशेषतः दुबईत किंवा टेक्सासात राहत असाल तर. बाजूला काढून ठेवलेली डिस्क हे सगळं झाल्यावरच परत जोडा.