सातजणींचा कारभार

कारभार म्हटला की एक मालक आणि बाकीचे चाकर, असेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. पण १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत, गिरगावातल्या एका गच्चीवर, सात गृहिणी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. ‘लिज्जत’ची सुरुवात ती हीच. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

तिथे काम करणारी बाई नोकर नव्हे. ती ‘बहीण’, म्हणजे सभासद आणि मालकीणही. जातधर्माची आडकाठी नाही. सकाळी मळलेले पीठ घरी न्यायचे, पापड लाटून, वाळवून आणून द्यायचे. तान्हे मूल पदरी असले तरी काम सुटत नाही. शाखेची संचालिका होते तीही यांच्यातलीच. नफा साऱ्यांचा, तोटाही साऱ्यांचा.

मग पुढारीपण कशात? आपल्याबरोबर दुसरीलाही कारभार शिकवण्यात! गावच्या महिला मंडळाची वही एकीच्याच हाती राहिली, तर बाकीच्या नुसत्या अंगठ्यापुरत्या उरतात. म्हणून हिशेब मोठ्याने वाचावा, आणि कोपऱ्यात गप्प बसलेलीलाही विचारावे, ‘बाई, तुझं काय म्हणणं?’