लेखांक ७ : श्रमानंतरची घसरण

या आठवड्यात गंधज्ञानाच्या बिघाडाचा विचार व्हायचा होता. तो पुढे ढकलावा लागत आहे, कारण दरम्यान आलेल्या एका प्रश्नाने या लेखमालेच्या वर्मावरच बोट ठेवले आहे. कोविड होऊन वर्ष उलटले तरी पत्नीचा थकवा जात नाही, तेव्हा तिला रोज थोडे थोडे अधिक चालायला लावावे काय, असे एका वाचकाने विचारले आहे. टायफॉइडमधून किंवा न्यूमोनियातून उठलेल्या माणसाला असे चालायला लावणे बहुधा योग्यच असते आणि दीर्घ कोविडच्या काही रुग्णांनाही ते मानवते. परंतु श्रमानंतर ज्यांची प्रकृती घसरते, त्यांना हाच उपाय महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवू शकतो. या लक्षणाला वैद्यकात ‘पोस्ट-एक्झर्शनल मलेझ’ अशी संज्ञा आहे.

या घसरणीत सर्वांत फसवी असते ती तिची वेळ. चालून आल्यावर रुग्णाला काही तास बरेही वाटते, आणि थकवा, अंगदुखी, घसादुखी, विचारांचा गोंधळ व झोपेचा बिघाड ही सारी लक्षणे बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी, क्वचित त्याहूनही उशिरा उफाळतात. साहजिकच दोष पडतो तो आदल्या रात्रीच्या जेवणावर, हवामानावर किंवा रुग्णाच्या मनोबलावर. शिवाय येथे श्रम म्हणजे केवळ शारीरिक श्रम नव्हेत. बँकेचे कागद भरणे, लग्नघरी तीन तास बसून बोलणे किंवा घरातले एखादे कडाक्याचे भांडण यांचाही त्यांत समावेश होतो.

ही घसरण मनाचा खेळ आहे, असे मानणाऱ्यांनी ॲमस्टरडॅम येथील संशोधकांचा जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास अवश्य पाहावा. त्यांनी दीर्घ कोविडचे २५ रुग्ण आणि कोविडमधून पूर्ण बरे झालेल्या २१ व्यक्ती यांना स्थिर सायकलवर दमेपर्यंत पाय मारायला लावले, आणि व्यायामाच्या आठवडाभर आधी व दुसऱ्या दिवशी मांडीच्या स्नायूचे सूक्ष्म तुकडे काढून तपासले. रुग्णांच्या स्नायूंत, प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया या पेशीघटकांची कार्यक्षमता व्यायामानंतर घटलेली दिसली, तसेच स्नायुतंतूंना झालेली इजाही अधिक आढळली. मूळ कारण यातून उलगडले असे म्हणता येणार नाही. तथापि ‘तपासण्या तर नॉर्मल आहेत’ या वाक्याने रुग्णाची बोळवण करणे यापुढे अवघड झाले आहे.

व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवण्याविषयीचा वाद मात्र कोविडहून जुना आहे. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १९५५ साली दोनशेहून अधिक कर्मचारी एका गूढ आजाराने पडले आणि रुग्णालय काही काळ बंद ठेवावे लागले. श्रमानंतरची घसरण हेच ज्याचे प्रमुख लक्षण आहे, त्या आजाराला मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस हे नाव रूढ झाले ते त्या साथीनंतर. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने या आजारासाठी २००७ मध्ये असा वाढता व्यायाम सुचवला होता, आणि रुग्णांच्या दीर्घ तक्रारींनंतर व पुराव्याच्या फेरतपासणीनंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये तो मागे घेतला. रुग्ण जे सांगत होते ते मार्गदर्शिकेत उतरायला चौदा वर्षे लागावीत, ही गोष्ट वैद्यकाला भूषणावह नाही.

तेव्हा प्रश्नकर्त्या वाचकाने चालणे वाढवण्याआधी दोन-तीन आठवड्यांची रोजनिशी ठेवावी, आणि ती वाचताना प्रत्येक वाईट दिवसाचे कारण त्या दिवसात न शोधता मागील दोन दिवसांत शोधावे. असे केल्यावर घसरण होऊ न देणारी श्रमांची मर्यादा बहुधा हाती लागते, आणि त्या मर्यादेच्या आत राहून, थकण्यापूर्वीच विश्रांती घेत कामे विभागण्याच्या पद्धतीला ‘पेसिंग’ म्हणतात. ही पद्धत रोग बरा करीत नाही. घसरणी कमी करते, एवढाच तिचा दावा आहे. तिचा खरा शत्रू म्हणजे चांगला दिवस, कारण त्या दिवशी साठलेली सारी कामे उरकण्याचा मोह होतो आणि पुढचा आठवडा पडून काढावा लागतो. रक्तक्षय, थायरॉइड व मधुमेह यांची तपासणी आधी झालेली असावी, हे वेगळे सांगायला नकोच.

काही रुग्णांत उभे राहणे हाच मोठा श्रम ठरतो. उभे राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत, रक्तदाब फारसा न उतरता, प्रौढांत नाडीचे ठोके मिनिटाला ३० किंवा अधिक वाढून टिकून राहत असतील आणि त्यासोबत चक्कर किंवा धडधड असा त्रास महिनोन्‌महिने होत असेल, तर ‘पॉट्स’ या विकाराची शंका घेतात. अशा व्यक्तीने भाजी बसून चिरावी, स्टुलावर बसून अंघोळ करावी आणि पाणी फार कढत घेऊ नये, कारण उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात व मेंदूकडे जाणारे रक्त आणखी घटते. पाणी व मीठ वाढवण्याचाही उपयोग होतो. मात्र उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ वाढवू नये.