न जोडलेला कपॅसिटर

शहापूरहून इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: ॲम्प्लिफायरच्या फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा आलेख दोन्ही टोकांना का उतरतो? सेमी-लॉग कागदावर तो सगळेच काढतात, गेन 70.7 टक्क्यांवर आला की तीन डेसिबलची खूण करून मोकळे होतात. पण दोन्ही उतारांची कारणं निरनिराळी आहेत.

डावीकडचा उतार आपणच जोडलेल्या कपॅसिटरांचा. इनपुटचा रोध 1.6 किलोओहम आणि कपलिंगचा कपॅसिटर 10 मायक्रोफॅरड धरा. कटऑफ येतो 10 हर्ट्झ. एमिटरचा बायपास दहापट मोठा, 100 मायक्रोफॅरडचा, तरी आधी आडवा येतो तोच! एक मिलिअँपिअर प्रवाहाला त्याच्या वाट्याला जेमतेम 26 ओहम येतात, म्हणून त्याचा कटऑफ 61 हर्ट्झच्या आसपास. परीक्षेत हमखास चुकतं ते इथे.

उजवीकडचा कपॅसिटर आकृतीत दिसतच नाही. ट्रान्झिस्टरच्या बेस-कलेक्टरमध्ये तो जन्मजात असतो, समजा 4 पिकोफॅरडचा. एवढासा जीव करणार काय? दोघांनी दोरी धरली आहे असं समजा. तुम्ही एक पाऊल मागे सरलात की समोरचा उलट दिशेला शंभर पावलं पळतो. दोरी 101 पावलं सोडावी लागते. गेन उणे 100 असला की इनपुटला तेच 4 पिकोफॅरड 404 भासतात. सोर्सचा रोध 1 किलोओहम असेल, तर बाकी सारं सोडलं तरी कटऑफ 394 किलोहर्ट्झवर येतो. गाण्याला तो भरपूर झाला, आपला कान 20 किलोहर्ट्झपलीकडे जात नाही. पण आकाशवाणी धारवाड 765 किलोहर्ट्झवर आणि सांगली 1251 वर. बेळगाव-निपाणीच्या रेडिओला हा ॲम्प्लिफायर कुचकामी!

हे गणित मांडलं जॉन मिलरने, अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने 1920 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात. तेव्हा ट्रान्झिस्टर नव्हताच, तो 1947 चा. मिलरपुढे होती तीन इलेक्ट्रोडची व्हॅक्यूम ट्यूब. त्याचं नाव पाठ्यपुस्तकात एका सूत्राला चिकटून उरलं, माणूस मात्र कुणाला ठाऊक नसतो. मला याची फार खंत वाटते, कारण उपायसुद्धा त्याच्याच गणितात दडलेला आहे. कलेक्टरवर दुसरा ट्रान्झिस्टर कॉमन बेस पद्धतीने बसवा. पहिल्याचा गेन उणे 1 वर येतो आणि 404 चे 8 पिकोफॅरड होतात. एकूण गेन दुसरा ट्रान्झिस्टर सांभाळतो. यालाच कॅसकोड म्हणतात.