मशालींचा सोहळा घरच्या भिंतीवर

दसऱ्याला आपण आपट्याची पाने 'सोने' म्हणून वाटतो आणि शमीच्या झाडाची पूजा करतो. शमीला कन्नडमध्ये 'बन्नी' म्हणतात. म्हैसूरच्या बन्नीमंटपाला हे नाव मिळाले ते या झाडावरूनच. विजयादशमीच्या दुपारी राजवाड्यातून निघालेली जम्बू सवारी सुमारे पाच किलोमीटर चालून इथे येते. हत्तीच्या पाठीवर ७५० किलो वजनाची सोन्याची अंबारी असते आणि अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती. रात्री याच मैदानावर मशालींचे संचलन होते आणि दसऱ्याची सांगता होते.

हा सोहळा प्रत्यक्ष पाहावा असे कोणाला वाटणार नाही? पण गुडघे दुखणाऱ्या आजीला, तान्हे बाळ असलेल्या सुनेला किंवा गर्दीत जीव घाबरा होणाऱ्या आजोबांना तो रस्ता झेपत नाही. २०२० आणि २०२१ साली तर करोनामुळे मिरवणूक राजवाड्याच्या आवारातच झाली, बन्नीमंटपापर्यंत ती आलीच नाही. त्या दोन वर्षी बहुतेकांचा दसरा दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच साजरा झाला. मग तो पडदा थोडा मोठा का असू नये? घरी प्रोजेक्टर असेल आणि गच्चीवर डिशची छत्री असेल, तर दिवाणखान्याची भिंतच पडदा होऊ शकते. मात्र हा सोहळा थेट प्रक्षेपणाचा. ऐन वेळी चित्र आले आणि आवाज आला नाही, तर ती वेळ परत येत नाही!

आकाशातून घरात

म्हैसूरला या गोष्टींचे वावडे कधीच नव्हते. महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या घरातूनच रेडिओ केंद्र सुरू केले. 'आकाशवाणी' हे नाव देशाला मिळाले ते या म्हैसूरच्या केंद्रामुळे.

आकाशातून चित्र यायला पुढे चाळीस वर्षे लागली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. त्यांत कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. खुराड्याला लावतात तशा जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री, तिच्याखाली एक संच आणि समोर बसलेला अख्खा गाव! आज दोन फुटांची छत्री पुरते आणि खोलीखोलीत वेगळा पडदा असतो. एकत्र बसून पाहण्याची ती गंमत प्रोजेक्टर पुन्हा घरात आणतो.

जोडणी कशी करायची?

पहिली गोष्ट म्हणजे छत्रीची केबल थेट प्रोजेक्टरला लावता येत नाही. उपग्रहाचे संकेत उलगडण्याचे काम सेट टॉप बॉक्सचे. प्रोजेक्टर फक्त तयार चित्र मोठे करून दाखवतो. म्हणून क्रम असा : छत्री, बॉक्स, प्रोजेक्टर.

बॉक्सच्या मागे एचडीएमआयचे छिद्र असेल तर काम सोपे आहे. एकच वायर चित्र आणि आवाज दोन्ही नेते. ही वायर मात्र फार लांब नसावी. दहा मीटरच्या पुढे साध्या वायरीत चित्र तुटू लागते. त्यापेक्षा छत्रीची केबल वाढवून बॉक्सच प्रोजेक्टरजवळ ठेवलेला बरा.

जुन्या बॉक्सला पिवळे, लाल आणि पांढरे अशी तीन छिद्रे असतात. पिवळी वायर चित्राची, लाल व पांढरी आवाजाची. प्रोजेक्टरला पिवळे छिद्र असेल तर यानेही काम भागते, पण चित्र थोडे जाडेभरडे दिसते. अशा वेळी भिंतभर चित्र पसरण्याचा मोह टाळावा. लहान पण स्वच्छ चित्र डोळ्यांना सुखावते.

सगळे नीट जोडूनही पडदा काळाच राहिला तर? बऱ्याचदा बॉक्स ज्या मापाचे चित्र पाठवतो ते प्रोजेक्टरला पेलत नाही. बॉक्स आधी टीव्हीला लावावा, सेटिंगमध्ये चित्राचे माप ७२० करावे आणि मग प्रोजेक्टरला जोडावा. दुसरे कारण म्हणजे वाहिन्यांचे चोरीपासून रक्षण करणारे कुलूप. ते फार जुन्या प्रोजेक्टरला किंवा स्वस्तातल्या जोडणीच्या डबीला ओळखता येत नाही. तेव्हा डबी विकत घेताना बदलून मिळेल ना, हे दुकानदाराला आधीच विचारावे.

आवाजाची वेगळी वाट

खरी फसगत होते ती आवाजात. अनेक प्रोजेक्टरना स्पीकरच नसतो. असला तरी तो इवलासा, शिवाय यंत्राच्या पंख्याची घरघर. मिरवणुकीतले नगारे त्यातून कसे ऐकू येणार?

उपाय एकच : चित्र प्रोजेक्टरकडे जाऊ द्यावे आणि आवाज बॉक्समधूनच वेगळा काढावा. लाल-पांढऱ्या छिद्रांतून वायर काढून घरातल्या म्युझिक सिस्टिमला जोडली की झाले. काही बॉक्सना ती छिद्रे नसतात. मग प्रोजेक्टरच्या हेडफोनच्या छिद्रातून आवाज घ्यावा. तेही नसेल तर एचडीएमआयमधून आवाज वेगळा करणारी छोटी डबी मिळते. जोडणी बरोबर असूनही आवाज येत नसेल, तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये 'डॉल्बी'ऐवजी 'पीसीएम' किंवा 'स्टीरिओ' निवडून पाहावे. बिनतारी स्पीकर सोयीचा खरा, पण त्यात आवाज किंचित उशिरा पोहोचतो. काठी नगाऱ्यावर पडते आणि ठोका मागाहून ऐकू येतो! स्पीकर भिंतीजवळ, चित्राच्या दोन्ही बाजूंना ठेवले तर आवाज चित्रातूनच आल्यासारखा वाटतो.

दुपार वेगळी, रात्र वेगळी

प्रोजेक्टरला काळा रंग दाखवता येत नाही. खोलीत जेवढा अंधार, तेवढाच त्याचा काळा काळा. सवारी निघते दुपारी, तेव्हा जाड पडदे ओढून खिडक्या बंद करायला हव्यात. तरीही सोनेरी अंबारी फिकी दिसली तर ज्येष्ठांना खुशाल टीव्हीसमोर बसवावे. रात्रीच्या संचलनासाठी मात्र प्रोजेक्टरसारखे साधन नाही. दिवे मालवले की भिंतीवर नुसत्या मशाली उरतात.

अंतराचा हिशेब सोपा आहे. बऱ्याच घरगुती प्रोजेक्टरना दोन मीटर रुंद चित्रासाठी सुमारे तीन मीटर अंतर लागते. यंत्र तिरपे ठेवले तर चित्र एका बाजूला फाकते. म्हणून ते समतल आणि भिंतीच्या बरोबर समोर ठेवावे.

पावसाची आठवण

म्हैसूरला ऑक्टोबरात परतीच्या पावसाच्या सरी हमखास येतात आणि जोराच्या सरीत उपग्रहाचे चित्र तुटते. छत्री किंचित हलली असेल तर ते आणखी लवकर जाते. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह म्हैसूरहून आग्नेयेला, आकाशात बराच उंच असतो. त्या बाजूला नारळाची झावळी वाढली आहे का, हे सणाआधीच पाहून घ्यावे. या फ्री डिशला मासिक वर्गणी नाही. कन्नड 'चंदना' आणि मराठी 'सह्याद्री' दोन्ही तिच्यावर दिसतात, ही म्हैसूरच्या मराठी घरांची खास सोय! वर्गणीचे कनेक्शन असेल तर ते घरापुरतेच असते, हेही लक्षात ठेवावे. सोसायटीच्या सभागृहात सर्वांना दाखवायचे तर कंपनीला आधी विचारावे.

विजा चमकू लागल्या की केबल आणि प्लग दोन्ही काढून ठेवावेत. लहान मुलांना प्रोजेक्टरच्या भिंगात पाहू देऊ नये, तो झोत डोळ्यांना अपाय करतो. जोडणीच्या वायरी भिंतीलगत चिकटवाव्यात. अंधारात उठलेल्या आजी त्यांत अडखळता कामा नयेत. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नये.

या सगळ्याची रंगीत तालीम खंडेनवमीला करावी. त्या दिवशी म्हैसूरला आयुधपूजा असते. घरोघरी अवजारे, वाहने आणि यंत्रे पुजली जातात. प्रोजेक्टरलाही फूल वाहायला हरकत नाही. फक्त हळदकुंकू भिंगावर आणि पंख्याच्या जाळीवर पडू देऊ नये. एकदा चित्र दिसले, आवाज आला आणि आजींनी आपल्या खुर्चीतून "मला दिसतंय बरं का" असे सांगितले, की दुसऱ्या दिवशी कोणालाच वायरींशी झटापट करावी लागणार नाही. मग निवांत बसावे आणि मशाली पेटण्याची वाट पाहावी.