खोक्यावरचे आकडे आणि कपाटातले कागद

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही घरातलं कपाट उघडा. सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीची क-प्रत, खरेदीखत, सोसायटीच्या कर्जाचे कागद, पीकविम्याच्या पावत्या, पोरांच्या टीसी आणि जातीचे दाखले. जमीन वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गात किंवा वणीकडच्या कोळसा खाणीत गेली असेल, तर मोबदल्याची फाइल वेगळीच. आता यातला जवळपास प्रत्येक कागद कधी ना कधी कुठल्या तरी संकेतस्थळावर चढवावा लागतो. त्यामुळे घरी, वकिलाच्या टेबलावर, कर सल्लागाराकडे किंवा सेवा केंद्रात स्कॅनर घ्यायचा विचार होतो, आणि दुकानात गेल्यावर खोक्यावरचे मोठे आकडे बघून निर्णय घेतला जातो. ते आकडे खोटे नसतात, पण आपल्या कागदांशी त्यांचा संबंध किती, हे दुकानदार सहसा सांगत नाही. म्हणून नेहमी ऐकू येणारे काही समज इथे तपासून बघू.

गैरसमज १ : डीपीआय जितका जास्त, तितका स्कॅनर चांगला.

वस्तुस्थिती : डीपीआय म्हणजे एका इंचात मशीन किती ठिपके टिपतं ते माप. कॅनन लाइड ४०० किंवा एप्सन परफेक्शन व्ही३९ यांसारख्या फ्लॅटबेडवर ४८०० डीपीआय लिहिलेलं असतं. हा आकडा जुने फोटो मोठे करायला कामाचा आहे. छापील कागदाला ३०० पुरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने ई-फायलिंगसाठी केलेल्या नमुना नियमांतही ३०० डीपीआयच सांगितलं आहे. ए४ कागद ३०० डीपीआयवर घेतला की सुमारे ८७ लाख ठिपके होतात आणि रंगीत असेल तर दाबण्यापूर्वीची फाइल साधारण २६ एमबीची. ६०० केलं की ठिपके दुप्पट नव्हे, चौपट होतात, म्हणजे १०० एमबीच्या वर. अक्षरं तीच राहतात, वेळ आणि जागा मात्र चौपट जाते.

खोक्यावर दोन आकडे असतील तर ‘ऑप्टिकल’ लिहिलेला धरा. ‘इंटरपोलेटेड’ म्हणजे मधले ठिपके सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले. त्यातून फेरफारावरचं पुसट अक्षर उजळत नाही.

गैरसमज २ : फाइल लहान हवी, तर काळी-पांढरी घ्यायची.

वस्तुस्थिती : सरकारी संकेतस्थळांवर कागदाला बहुधा काही शे केबीचीच मर्यादा असते, त्यामुळे हा सल्ला सर्रास दिला जातो. पण निव्वळ काळ्या-पांढऱ्यात प्रत्येक ठिपका एकतर काळा, नाहीतर पांढरा. तलाठ्याचा फिकट जांभळा शिक्का, निळ्या शाईची सही, पिवळ्या पडलेल्या कागदावरची पेन्सिलची नोंद यांतलं काही पूर्ण गायब होतं, काहीचा काळा डाग होतो. मग अर्ज ‘कागद अस्पष्ट’ म्हणून परत येतो.

त्याऐवजी करड्या छटेत, म्हणजे ग्रेस्केलमध्ये, २०० डीपीआयवर घ्या. दाबण्यापूर्वीच फाइल २६ एमबीवरून ४ एमबीच्या आत येते. जेपीईजी किंवा पीडीएफ करताना ती आणखी कितीतरी खाली उतरते. रंगीत शिक्का दिसणं गरजेचं असेल तर रंगीत ठेवा आणि डीपीआय कमी करा. मूळ प्रत ३०० वर घेऊन जपावी आणि संकेतस्थळासाठी तिची लहान नक्कल काढावी, ही सवय सगळ्यात बरी. लहान केलेली फाइल पुन्हा मोठी करून स्पष्ट होत नाही.

गैरसमज ३ : ऑल-इन-वन प्रिंटरवर ‘ड्युप्लेक्स’ लिहिलंय, म्हणजे दोन्ही बाजू स्कॅन होतील.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा तो शब्द छपाईबद्दल असतो. प्रिंटर दोन्ही बाजूंनी छापतो. स्कॅन करणारा वरचा फीडर मात्र एकच बाजू वाचतो. वीस पानांची पाठपोट फाइल असेल तर गठ्ठा उलटून पुन्हा घाला, मग पानांचा क्रम जुळवत बसा.

स्कॅनच्या बाबतीत विचारायचा प्रश्न असा : फीडर एकाच फेरीत दोन्ही बाजू वाचतो का? तसा वाचणाऱ्या मशीनमध्ये कागदाच्या दोन्ही अंगांना दोन सेन्सर असतात. अशाच यंत्रांवर ‘४० पीपीएम, ८० आयपीएम’ अशी जोडी दिसते. मिनिटाला ४० कागद, म्हणून ८० बाजू.

गैरसमज ४ : फीडरवाला घेतला की सगळे कागद निघतील.

वस्तुस्थिती : सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. दुहेरी फीडरचं मशीन साध्या फ्लॅटबेडच्या कित्येक पट किमतीला येतं, आणि आपल्याकडचे निम्मे कागद फीडरात घालण्यासारखे नसतात. बँकेचं पासबुक आणि जुनं रेशनकार्ड पुस्तकासारखं असतं. घडीवर फाटत आलेला फेरफार रोलरमध्ये गेला तर दोन तुकड्यांत बाहेर येतो. लॅमिनेशन केलेला दाखला जाडीमुळे अडकतो. अशा कागदांना काच लागते, म्हणजे फ्लॅटबेड. काही फीडरांसोबत पारदर्शक पाकीट मिळतं, त्यात नाजूक कागद घालून सोडता येतो. पण दर पानाला पाकीट भरायचं तर फीडरचा वेग कामाला येत नाही.

उलट बाजूही आहे. बहुतेक फ्लॅटबेडची काच ए४ पुरतीच, म्हणजे २९७ मिलिमीटर लांब. स्टॅम्प पेपरवरचं खरेदीखत किंवा करारनामा त्याहून लांब असतो. लीगल कागद ३५६ मिलिमीटरचा, तो काचेबाहेर लोंबतो आणि नेमकी खालची सह्यांची ओळ सुटते. फीडर बहुधा लीगल माप घेतो. म्हणून ज्या वकिलाकडे किंवा दस्तलेखकाकडे खरेदीखतांचे गठ्ठे येतात त्याला फीडर हवाच, आणि पासबुकं-दाखले येत राहणाऱ्या सेवा केंद्राला काच हवीच. दोन्ही लागत असतील तर काच आणि फीडर एकत्र असलेलं मशीन येतं. त्याची काच लीगल आहे की ए४, तेवढं विचारून घ्या.

स्वस्त आणि पातळ फ्लॅटबेडची एक मर्यादा लक्षात ठेवा. त्यांतला सीआयएस सेन्सर काचेला टेकलेलाच कागद स्पष्ट बघतो. पासबुकाच्या मधल्या घडीपाशी कागद किंचित उचलला तरी अक्षरं धूसर होतात. त्यांचा फायदाही तसाच मोठा : लाइड ३०० किंवा व्ही३९ यांना वेगळी वीज लागत नाही, यूएसबी वायरीतूनच ती चालतात. लाइट गेली तरी लॅपटॉपवर काम होतं.

गैरसमज ५ : मोबाइल असताना स्कॅनर कशाला?

वस्तुस्थिती : महिन्यातून चार कागद चढवायचे असतील तर खरंच नको. गूगल ड्राइव्ह किंवा अडोबी स्कॅन कागदाच्या कडा ओळखून तिरपेपणा दुरुस्त करतात. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये कॅमस्कॅनर होतं. त्यामुळे आधार किंवा खरेदीखत कोणत्या ॲपच्या हवाली करतो आणि त्याची प्रत कुठे साठते, हे बघायलाच हवं. सेवा केंद्राने तर दुसऱ्याचे कागद स्वतःच्या खासगी मोबाइलमध्ये साठवूच नयेत. मोजणी नकाशा मात्र मोबाइलवर काढू नका. कॅमेरा जरा तिरपा झाला की मापाचं प्रमाण बिघडतं, आणि नकाशात तर तेच महत्त्वाचं.

गैरसमज ६ : ओसीआर आहे, म्हणजे मराठी वाचेल.

वस्तुस्थिती : ओसीआर म्हणजे चित्रातली अक्षरं शोधता येणाऱ्या मजकुरात बदलणं. स्कॅनरसोबतच्या सॉफ्टवेअरच्या भाषांच्या यादीत मराठी आहे का ते घेण्यापूर्वी बघा. नुसतं ‘अनेक भाषा’ पुरेसं नाही. यादीत नसली तरी फार बिघडत नाही. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी वाचतं, गूगल ड्राइव्हही वाचतं. छापील, स्वच्छ मजकूर बऱ्यापैकी निघतो. तलाठ्याच्या हस्ताक्षरातली जुनी नोंद किंवा मोडीतला कागद यांच्याकडून भरवशाने निघेल, ही आशा धरू नका. तिथे फाइलचं नाव नीट देणं जास्त कामाचं : गाव, गट नंबर, कागदाचा प्रकार, वर्ष.

गैरसमज ७ : स्कॅनरला काय देखभाल लागते?

वस्तुस्थिती : बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४३ च्या वर जातो आणि पत्र्याखालचं दुकान त्याहून तापतं. त्या दिवसांत मोठा गठ्ठा सकाळी उरकावा, मशीन खिडकीच्या उन्हात ठेवू नये.

दुसरा शत्रू धूळ, आणि जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू. फीडरमध्ये सेन्सर जागेवर असतो आणि कागद सरकतो, म्हणून काचेच्या बारीक पट्टीवर एक कण बसला तरी प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत रेघ उमटते. फ्लॅटबेडवर त्याच कणाचा नुसता ठिपका पडतो. पट्टी मऊ कापडाने पुसावी, रोलर कंपनीने सांगितलेल्या द्रवाने; थिनर किंवा पेट्रोल रबर खातं. रोलर झिजतात आणि बदलावे लागतात, तेव्हा सुटा रोलर नागपूर-अमरावतीत मिळतो का, हे घेतानाच विचारा.

गैरसमज ८ : स्कॅन झालं, आता मूळ कागदाची गरज नाही.

वस्तुस्थिती : बिलं आणि पावत्या स्कॅन करून ठेवणं सोयीचं असतं; जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. पण खरेदीखत, वचनचिठ्ठी, मृत्युपत्र यांचं मूळ हेच मूळ. माहिती तंत्रज्ञान कायद्याने मृत्युपत्राला इलेक्ट्रॉनिक स्वरूपातून वगळलेलंच आहे.

याच्या उलटी चूक त्याहून जास्त दिसते. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. लोक तो डाउनलोड करतात, छापतात आणि छापलेला कागद पुन्हा स्कॅन करून चढवतात. यात फाइलमधली सही तपासण्याची सोयच नाहीशी होते. मिळालेली पीडीएफ जशीच्या तशी चढवा. डिजिलॉकरमध्येही विभागाने जारी केलेला दाखला मूळ कागदाच्या बरोबरीचा धरला जातो. आपण स्कॅन करून टाकलेला नव्हे. जुना फेरफार हवा असेल तर भूमी अभिलेखाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर आपल्या गावाचा मिळतो का, ते आधी बघा. कित्येकदा स्कॅन करायची वेळच येणार नाही.

मग घ्यायचा कोणता?

दुकानात जाताना पाच कागद बरोबर न्या : स्टॅम्प पेपरवरचा एक करार, पासबुक, घडी पडलेला जुना फेरफार, पुसट शिक्क्याचा दाखला आणि दहा पानांची पाठपोट फाइल. पाचही समोर स्कॅन करून मागा आणि पडद्यावर मोठे करून बघा. सह्यांची खालची ओळ आली का, शिक्का वाचता येतो का, पानांचा क्रम जुळला का. घरासाठी साधा फ्लॅटबेड यातले तीन कागद निभावेल, आणि बहुतेक घरांना तेवढं पुरतं. रोज गठ्ठे येत असतील तरच फीडरचे पैसे मोजा.