धावेला पावणेपंधरा लाख?

जळगावात सागर पार्कवर असो की धुळ्यात गरुड मैदानाबाहेर, ऋतुराज गायकवाडचं नाव निघालं की कुणीतरी मोबाइलवर भागाकार करतोच. 2025च्या आयपीएलसाठी चेन्नईने त्याला 18 कोटींना ठेवलं, धावा झाल्या 122. ‘‘काय भो, एका धावेला पावणेपंधरा लाख! पैसा पाण्यात.’’ वर पुरावा म्हणून विरारचा आयुष म्हात्रे: बदली म्हणून 30 लाखांत आला आणि 240 धावा करून गेला.

भागाकार बरोबर आहे, पण तो धावांचा आहेच कुठे? दुखापतीचा आहे. ऋतुराज पाचच सामने खेळला: 53, 0, 63, 5, 1. यातल्या 63 धावांच्या खेळीतच, 30 मार्चला गुवाहाटीत, तुषार देशपांडेचा चेंडू कोपरावर बसला. हाडाला बारीक चीर गेल्याचं निघालं आणि 10 एप्रिलला तो हंगामाबाहेर झाला. 18 कोटी ठरले होते ऑक्टोबर 2024 मध्ये. तेव्हा समोर होता त्याच वर्षीचा हंगाम: 583 धावा, पुढे फक्त विराट कोहली. त्या हंगामात त्याला मिळत होते 6 कोटी, म्हणजे धावेला लाखभर. तेव्हा कुणी मोबाइल काढला नाही! जूनच्या वादळात केळीची बाग आडवी झाली म्हणून लागवडच चुकली, असं रावेरचा कुठला शेतकरी म्हणतो?

आकडाही कुणी हवेतून काढलेला नाही. कायम ठेवलेल्या पहिल्या खेळाडूसाठी नियमातच 18 कोटींचा टप्पा होता. संघांना त्यात थोडं पुढेमागे करता येत होतं, इतकंच. लिलावात सोडला असता तर? त्या लिलावात ऋषभ पंत 27 कोटींना गेला, श्रेयस अय्यर 26.75 कोटींना. के. एल. राहुल 14 कोटींतही मिळाला, हे खरं. पण असा जुगार आपल्या कर्णधारावर कोण खेळेल?

राहिला म्हात्रे. ऋतुराजलाही चेन्नईने 2018च्या लिलावात 20 लाखांतच घेतलं होतं. नवख्याला कमी आणि नाव झाल्यावर जास्त, ही रीत बेसबॉलमध्येही आहे. माइक ट्राउट 2012 मध्ये जवळपास किमान पगारावर अफाट खेळला. 2019 मध्ये त्याला 12 वर्षांसाठी 42.65 कोटी डॉलर मिळाले. 2021 मध्ये तो दुखापतीमुळे 162 पैकी 36 सामनेच खेळला, तरी पैसे पक्के.

कट्ट्यावरचे बाकीचे दावेही बघू. ‘ऋतुराजचेही तसेच पक्के’: नाही, इथे संघ हंगामागणिक खेळाडूला सोडू शकतो.

‘जखमी झाला तर पैसे बुडतात’: हंगामात संघाकडून खेळताना झाला, तर पूर्ण मिळतात.

‘18 कोटी खिशात’: वरच्या टप्प्यात नव्या करप्रणालीतही सुमारे 39 टक्के कर आहे.

‘आपल्या तिकिटांचे पैसे’: मुख्य कमाई प्रक्षेपण हक्कांची, 2023 ते 2027साठी 48,390 कोटी.

2025 मध्ये चेन्नई 14 पैकी 4 सामने जिंकून तळाला गेली, त्याचा राग समजतो. पण मग हिशेब त्या 55 कोटींचा मागा, जे पाच जणांना ठेवल्यावर लिलावासाठी उरले होते. त्यातले 9.75 कोटी अश्विनवर गेले; नऊ सामन्यांत सात बळी. (हाही भागाकारच, पण इथे माणूस मैदानावर तरी होता.) नूर अहमदचे 10 कोटी मात्र वसूल झाले, 24 बळी.