मोहाचे तेल, खोबरेल आणि लोणारचा खार

झाशीच्या जुन्या तटबंदीतल्या दतिया दरवाजाला आज सगळे दतिया गेट म्हणतात. इथून निघणारी वाट तीसेक किलोमीटरवरच्या दतियाकडे जाते, आणि या बुंदेलखंडी मुलखात मोहाची झाडे पुष्कळ. मोहाच्या फुलांची कीर्ती दारूमुळे सर्वदूर पोचली. त्याच झाडाच्या बीकडे मात्र शहरी माणसाचे लक्ष क्वचितच जाते. मार्च-एप्रिलमध्ये फुले गळतात आणि जून-जुलैच्या सुमारास बी हाती येते. मध्य भारतात तिला गुल्ली म्हणतात, विदर्भात टोळंबी. तिच्या गरातून निघणारे पिवळसर तेल थंडीत तुपासारखे गोठते. दिव्यात, स्वयंपाकात, दुखऱ्या सांध्यांवर ते पिढ्यानपिढ्या वापरले गेले आहे. घरी साबण करू पाहणाऱ्यांसाठीही ते उत्तम तेल आहे.

पण घरगुती 'नैसर्गिक' साबणाबद्दल आधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण विक्रेते ती हमखास झाकतात. अल्कलीशिवाय साबण होत नाही. तेल आणि कास्टिक सोडा यांची रासायनिक क्रिया होऊन साबण आणि ग्लिसरीन तयार होते. प्रमाण बरोबर असेल तर मुरलेल्या वडीत कास्टिक उरत नाही. 'कास्टिक न वापरता केलेला साबण' अशी जाहिरात दिसली, तर बहुधा कुणीतरी कारखान्यातला तयार साबण वितळवून साच्यात ओतलेला असतो. त्यात वाईट काही नाही. मात्र तो साबण विकणाऱ्याने केलेला नसतो, एवढे गिऱ्हाइकाला कळायला हवे.

ही अल्कली पूर्वी जमिनीतूनच मिळे. गंगा-यमुनेच्या दुआबात खारवट जमिनीवर उन्हाळ्यात पांढरी रेह फुलते. धोबी ती गोळा करून कपड्यांना लावत. महाराष्ट्रातले उदाहरण त्याहून मोठे आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना अबुल फझल लोणारचा उल्लेख करतो आणि काच व साबण करण्यासाठी लागणारा माल तिथे मिळतो, असे नोंदवतो. उल्कापाताने झालेल्या या विवरातल्या सरोवराचे पाणी इतके खारे आणि सोडायुक्त आहे की त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. काठावर साचणारे क्षार लोक प्रतवारीने वेगळे करत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची नावे होती. हा खार म्हणजे मुख्यतः धुण्याचा सोडा आणि मीठ. नुसत्या सोड्याने तेलाचा साबण सहज होत नाही, म्हणून जुने कारागीर त्यात चुना मिसळून तीव्र अल्कली तयार करत आणि मग तेलाबरोबर उकळत. आज कुणी लोणारला खार गोळा करायला जाऊ नये. तो परिसर अभयारण्य आहे आणि 2020 साली त्याची पाणथळ जागांच्या रामसर यादीत नोंद झाली आहे.

विलायती वड्या आल्या आणि हे सारे मागे पडले. 1888 साली लीव्हर ब्रदर्सचा सनलाइट कलकत्त्याला उतरला. साबणातल्या प्राणिज चरबीमुळे अनेकांना त्याचे वावडे होते. अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत वनस्पती तेलापासून केलेला 'चावी' साबण बाजारात आणला, तो याच पार्श्वभूमीवर.

झाशीचे सुभेदार नेवाळकर मूळचे लांज्याजवळच्या कोट गावचे, म्हणजे कोकणातले. त्यांच्या मुलखातले खोबरेल आणि बुंदेलखंडातले मोहाचे तेल यांची जोडी साबणात फार छान जमते. खोबरेलाने भरपूर फेस येतो, पण एकट्या खोबरेलाचा साबण त्वचा कोरडी करतो. मोहाच्या तेलाने वडी टणक आणि सौम्य होते.

घरच्या एका घाण्याला 300 ग्रॅम मोहाचे तेल, 150 ग्रॅम खोबरेल आणि 50 ग्रॅम एरंडेल पुरते. त्याला 155 ग्रॅम पाणी आणि 71 ग्रॅम शुद्ध कास्टिक सोडा लागतो. हा हिशेब वाटी-चमच्याने करायचा नाही, ग्रॅमचा काटाच हवा. प्रत्येक तेलाची भूक वेगळी असते. 100 ग्रॅम खोबरेलाला सुमारे 18 ग्रॅम कास्टिक लागते, मोहाच्या तेलाला 14 ग्रॅमही लागत नाही. तेल बदलले की आकडा बदलतो. वरच्या प्रमाणात सुमारे पाच टक्के तेल मुद्दाम शिल्लक ठेवले आहे, म्हणजे वडी अंगाला जाचत नाही.

कास्टिक पाण्यात घालायचे, पाणी कास्टिकवर कधीही ओतायचे नाही. मिश्रण क्षणात कढत होते आणि वाफ घशाला झोंबते, म्हणून खिडकी उघडी, हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. मुले त्या वेळी दुसऱ्या खोलीत. भांडे स्टीलचे घ्यावे, ॲल्युमिनियमला कास्टिक खाते. कास्टिकचे पाणी आणि वितळवून एकत्र केलेली तेले, ही दोन्ही मिश्रणे कोमट झाली की एकत्र करून घोटायची. घोटता घोटता ती दाटतात आणि पळीतून पडलेली धार वर उमटून राहते. मग साच्यात ओतायची, एक-दोन दिवसांनी वड्या कापायच्या आणि चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरू द्यायच्या. घाई करणाऱ्याला मऊ, लवकर विरघळणारी वडी मिळते.

हळद, बेसन, कडुलिंब, गुलाबपाकळ्या घालण्याचा मोह सगळ्यांना होतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू त्यावरच तर होते. साबणातही तिचा पिवळा रंग टिकत नाही, तांबूस पडतो. गुलाबपाकळ्या काही दिवसांत काळपटतात. मुलतानी माती मात्र इमानाने राहते.

दिवाळीच्या अभ्यंगाचे उटणे आणि न्हाण्याचे शिकेकाई-रिठे या साबणाच्या जागी घेऊ नयेत आणि त्यांच्या जागी हा साबण घेऊ नये. रिठ्याचा फेस सॅपोनिनचा असतो, तो साबण नव्हे. साबण कितीही प्रेमाने केलेला असला तरी अल्कधर्मीच राहतो आणि त्वचेचा कल किंचित आम्लाकडे असतो. विहिरीच्या जड पाण्यात त्याचा फेस कमी होतो आणि बादलीला पांढरट थर बसतो. घरच्या वडीचा खरा फायदा वेगळा आहे. तिच्यातले ग्लिसरीन तिच्यातच राहते, आणि आत काय आहे हे करणाऱ्याला ग्रॅमपर्यंत ठाऊक असते.

शेजारी-पाजारी वड्या वाटायला हरकत नाही. विकायच्या असतील तर सौंदर्यप्रसाधने नियम 2020 प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. दुकानातली वडी घेतानाही वेष्टनावरचा टीएफएम, म्हणजे एकूण मेदद्रव्याचे प्रमाण, हा आकडा पाहावा. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या टॉयलेट साबणात तो किमान 76 टक्के असतो. ज्यावर 'बेदिंग बार' लिहिलेले असते, त्यात तो पुष्कळ कमी चालतो.